शिकागोचा प्रादेशिक मेळावा

सॉफ्टवेअरवाल्यांना 'कॉन्फरन्स' म्हटलं की फुकटचा टी-शर्ट, लॅपटॉपवर चिकटवायचे स्टिकर्स आणि जेवणाच्या रांगेत भेटलेले जुन्या कंपनीतले लोक आठवतात. संशोधनाच्या जगात त्याच शब्दाला बरंच जास्त वजन आहे. समजा एखादी मुलगी भाषाशास्त्रात पीएच.डी. करतेय. चार वर्षं ती एकाच प्रकारच्या वाक्याच्या मागे लागली आहे. घरच्यांना विषय सांगून झालाय, त्यांनी "बरं बरं" म्हणून झालंय. मग कुठल्यातरी कॉन्फरन्सला तिची वीस मिनिटं ठरतात, वर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. ज्यांची पुस्तकं वाचून ती इथवर आली ते समोर बसलेले असतात. पुढे नोकरी देणारेही बहुधा त्यांच्यातलेच. म्हणजे हा अर्धा तास तसा स्वस्तातला नाही.

मग साधा प्रश्न असा, की ही वीस मिनिटं कुणाला द्यायची हे ठरवतं कोण? नेहमीचं उत्तर: ज्येष्ठ मंडळी. शिकागो विद्यापीठातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मात्र ते काम स्वतःच्या हातात घेतलं. शिकागो लिंग्विस्टिक सोसायटी ही त्यांची संस्था. १९६५ पासून ती दर वर्षी एक मेळावा भरवते, आणि २०२४ साली साठावा झाला. मेळाव्याचं मूळ नाव अगदी साधं होतं, 'रिजनल मीटिंग', म्हणजे प्रादेशिक मेळावा. जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेसारखं वाटतं ना? पण या जिल्हा पातळीवर जे झालं, त्याचे पडसाद अर्थविचार, वाक्यविचार, अगदी तर्कशास्त्रापर्यंत गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५७ साली नोम चॉम्स्की नावाच्या २८ वर्षांच्या माणसाचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' हे छोटं पुस्तक आलं आणि भाषाशास्त्राचा नूरच पालटला. (कम्प्युटर सायन्सवाल्यांनी चॉम्स्कीला ऑटोमाटाच्या पेपरात भेटलेलं असतं. हाच तो.) १९६५ मध्ये त्याने आपली मांडणी आणखी पक्की केली. प्रत्येक वाक्याला वरचं दिसणारं रूप असतं आणि खाली एक 'डीप स्ट्रक्चर' असतं, आणि या दोन्हींना नियम जोडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कम्पायलरमध्ये सोर्स कोड आणि मशीन कोड यांच्या मध्ये एक रूप असतं, तसलं काहीतरी.

त्याच्याच अवतीभवती तयार झालेल्या काही तरुणांना हे मधलं रूप नकोसं वाटायला लागलं. जॉर्ज लॅकॉफ, हाज रॉस, पॉल पोस्टल आणि जेम्स मॅक्कॉली ही त्यातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सुरुवात अर्थापासूनच करा, आणि नियम लावत लावत थेट बोललेल्या वाक्यापर्यंत या. मधल्या थांब्याची गरज काय? या पंथाला 'जनरेटिव्ह सिमँटिक्स' म्हणतात. चॉम्स्कीला ते मान्य नव्हतं. पुढची काही वर्षं दोन्ही बाजूंनी अशी काही जुंपली की १९९३ साली रँडी अ‍ॅलन हॅरिसने त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'द लिंग्विस्टिक्स वॉर्स'.

यातला मॅक्कॉली शिकागोत शिकवत होता. जन्म ग्लासगोचा, पण लहानपणीच शिकागोत आलेला. पीएच.डी. एमआयटीत चॉम्स्कीकडे, विषय जपानी भाषेतले आघात. माणूस मोठा मजेशीर. चिनी हॉटेलातला मेनू वाचता यावा म्हणून चिनी लिपीवर त्याने एक पुस्तक लिहिलं. कोरियन लिपीच्या वाढदिवसाला लोकांना घरी जेवायला बोलवायचा. इंग्रजी शिव्यांच्या व्याकरणावर एक निबंध त्याने 'क्वांग फुक डाँग' या टोपणनावाने लिहिला. लेखकाची संस्था म्हणून नाव दिलं 'साऊथ हनोई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी'. तिची इंग्रजी आद्याक्षरं जोडून बघा, मी इथे लिहीत नाही :) अशा माणसाच्या डिपार्टमेंटमधल्या विद्यार्थ्यांनी भरवलेला मेळावा सोवळ्यातला होणं शक्यच नव्हतं.

१९६८ च्या चौथ्या मेळाव्यात मॅक्कॉलीने डीप स्ट्रक्चरशिवाय शब्द वाक्यात कसे येतील यावर पेपर वाचला. त्यातलं 'किल'चं उदाहरण आजही शिकवलं जातं. इंग्रजीत 'किल' हा एकसंध शब्द आहे. मॅक्कॉली म्हणाला, एकसंध नाहीच तो. त्याच्या पोटात 'जिवंत', 'नाही', 'होणे' आणि 'करवणे' असे चार तुकडे आहेत, आणि वाक्य तयार होताना ते जोडले जाऊन 'किल' बनतो.

इथे मराठी माणसाला गालातल्या गालात हसायला हरकत नाही. आपल्याकडे मरणे-मारणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या पडलेल्याच आहेत. मॅक्कॉलीला इंग्रजी शब्दाच्या पोटातून जे ओढून काढावं लागलं, ते मराठी क्रियापदं अंगावर मिरवतात. अर्थात एवढ्याने तो बरोबर ठरत नाही. दोनच वर्षांत जेरी फोडरने उलट मुद्दा मांडला. शनिवारी भोसकलं आणि माणूस रविवारी मेला, तर 'शनिवारी भोसकून तो रविवारी मरेल असं केलं' हे कसंबसं खपतं, पण 'शनिवारी भोसकून रविवारी मारलं' कानाला खटकतं. म्हणजे 'मारणे' आणि 'मरेल असं करणे' अगदी एक नाहीत. मला फोडरचा हा मुद्दा अजूनही बिनतोड वाटतो.

पुढचं साल १९६९, पाचवा मेळावा. हाज रॉसने 'गेस हू?' नावाचा पेपर वाचला. विषय काय, तर असली वाक्यं:

बाबा कुणावर तरी चिडलेत, पण कुणावर ते कळत नाही.

दुसऱ्या भागात 'चिडलेत' हा शब्द नाही, तरी तो आपल्याला ऐकू येतो. प्रश्न असा, की न उच्चारलेला भाग नुसता संदर्भाने कळतो, की तो वाक्यात खरोखर असतो आणि मग गाळला जातो? रॉसने जर्मनमधून एक सुरेख पुरावा काढला. काही जर्मन क्रियापदांना कर्म एका विभक्तीत लागतं, काहींना दुसऱ्या. आणि एकट्या उरलेल्या प्रश्नार्थक शब्दाची विभक्ती न उच्चारलेल्या क्रियापदाप्रमाणे बदलते! मराठीतही करून बघा. 'बाबा कुणावर तरी चिडलेत, पण कोण ते कळत नाही' यात काहीतरी गडबड आहे. तो 'वर' लागतोच. का लागतो? कारण 'चिडणे' तिथे कुठेतरी दबा धरून बसलंय. (आता आपल्या वाक्यातलं ते 'ते' तिथे काय करतंय, हा वेगळा प्रश्न. एखाद्या विद्यार्थ्याला वीस मिनिटं बोलायला पुरेल.)

या प्रकाराला रॉसने 'स्लूसिंग' असं नाव दिलं आणि ते टिकलं. टिकलं म्हणजे किती? २००१ साली जेसन मर्चंटने स्लूसिंगवर 'द सिंटॅक्स ऑफ सायलेन्स' हा ग्रंथ काढला, आणि मर्चंट पुढे शिकवतो कुठे, तर शिकागोतच. या विषयावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आजही १९६९ च्या त्या पेपरचा दाखला द्यावा लागतो. आणि तो पेपर कुठल्या मोठ्या नियतकालिकात आलेला नाही, तर विद्यार्थ्यांनी काढलेल्या मेळाव्याच्या खंडात आलाय.

या खंडांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्या काळी नवी कल्पना जगापुढे आणायचे दोन मार्ग होते. एक नियतकालिकाचा: पाठवा, वाट बघा, शेरे येतील, दुरुस्त करा, पुन्हा वाट बघा. दुसरा स्टेन्सिलचा: सायक्लोस्टाइल करून ओळखीच्यांना पाठवा. लॅकॉफ आणि रॉस यांचा 'डीप स्ट्रक्चर हवंच कशाला' हा टिपणवजा लेख १९६७ मध्ये असाच हातोहात फिरला आणि छापून यायला १९७६ उजाडलं! रॉसचा प्रबंध १९६७ चा, तो छापील पुस्तकाच्या रूपात १९८६ मध्ये आला. मधली जवळजवळ वीस वर्षं लोकांनी तो इंडियाना युनिव्हर्सिटी लिंग्विस्टिक्स क्लबने काढलेल्या स्वस्त प्रतींवर वाचला. स्टेन्सिलच्या मार्गाची अडचण उघड आहे. तुमचं नाव कुणाच्या तरी पोस्टाच्या यादीत असेल तर तुम्हाला लेख मिळणार. नसेल तर तुम्ही त्या भांडणात नाहीच.

शिकागोच्या पोरांनी तिसरा मार्ग काढला. मेळावा झाला की सगळे पेपर गोळा करायचे आणि त्याच वर्षी खंड काढायचा. १९६८ च्या मेळाव्याचा खंड १९६८ चा, १९६९ चा १९६९ चा. पानांची कंजुषी नाही. रॉसचा पेपर ३५ पानी आहे, आणि १९७२ मधला लॅकॉफचा ४६ पानी. आजच्या दोन कॉलमी, आठ पानी कॉन्फरन्स पेपरची सवय असलेल्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. खंड विकत घेता येत होता, ग्रंथालयात ठेवता येत होता. म्हणजे बॉस्टन किंवा शिकागोत ओळख नसलेल्या माणसालाही आतली भांडणं वाचता येऊ लागली. आपल्या जगातली तुलना द्यायची तर कुणीतरी खाजगी मेलिंग लिस्ट बंद करून सगळा कोड उघड्यावर ठेवला.

हे काम कुणी केलं? पाचव्या खंडाच्या संपादकांची नावं आहेत रॉबर्ट बिनिक, अ‍ॅलिस डेव्हिसन, जॉर्जिया ग्रीन आणि जेरी मॉर्गन. त्या सुमाराला चौघेही शिकागोत डॉक्टरेट करणारे. ग्रीन आणि मॉर्गन पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. बिनिकने काळ आणि क्रियापद यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. डेव्हिसनने आयोवात बसून हिंदी-उर्दूच्या वाक्यरचनेवर वर्षानुवर्षं काम केलं. पण 'गेस हू?' म्हटलं की रॉस आठवतो, संपादकांची नावं फक्त संदर्भसूचीत बारीक अक्षरात उरतात. ओपन सोर्समध्ये रिलीज काढणाऱ्याचं जे होतं, तेच.

आणि एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. मेळावा विद्यार्थ्यांचा, पण ज्या पेपरांमुळे तो गाजला ते बहुतेक विद्यार्थ्यांचे नाहीत. ते नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुण प्राध्यापकांचे आहेत. वयं बघा: १९६८ मध्ये मॅक्कॉली ३०. १९६९ मध्ये रॉस तिशीच्याच आसपास. १९७२ मध्ये जॉर्ज लॅकॉफ ३०. १९७३ मध्ये रॉबिन लॅकॉफ ३०. आपल्याकडे या वयात माणूस टीम लीड होतो आणि होम लोनच्या व्याजदराचा अभ्यास सुरू करतो. असो. मुद्दा असा, की 'नवोदितांचं व्यासपीठ' म्हटलं तरी तिथे सगळ्यात धाकट्यांना सगळ्यात जास्त जागा मिळते असं नाही. फक्त, कुणाला बोलवायचं हे धाकटे ठरवत होते. आणि त्यांनी बोलावलं कुणाला, तर ज्यांचं म्हणणं अजून पूर्ण शिजलेलं नव्हतं त्यांना.

१९७२ चा लॅकॉफचा पेपर घ्या. नाव 'हेजेस'. चिमणी पक्षी आहे का? आहे. कोंबडी? "तशी पक्षीच म्हणायची." पेंग्विन? "तांत्रिकदृष्ट्या." वटवाघूळ? "नाही हो, पण एका अर्थी..." हे 'तसं', 'तांत्रिकदृष्ट्या', 'एका अर्थी' म्हणजे हेजेस. खरं-खोटं या दोनच खुंट्यांवर वाक्य टांगायचं असेल तर या शब्दांचं करायचं काय? लॅकॉफने लोत्फी झादेहची १९६५ ची फझी सेटची कल्पना उचलली आणि ती या शब्दांना लावून दाखवली. (वॉशिंग मशीनवर 'फझी लॉजिक' लिहिलेलं असायचं ते याच झादेहमुळे. लॅकॉफचा त्या मशीनशी संबंध नाही.) शिवाय तो म्हणाला, सगळे हेजेस नुसते 'कमी-जास्त' सांगत नाहीत. काही हेजेस शब्दाच्या अर्थातला एकच पापुद्रा उचलतात. 'आमचा पिंट्या म्हणजे अगदी कुंभकर्ण' यात पिंट्या कुंभकर्ण नाही हे गृहीत आहे, फक्त झोप घेतली आहे. आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण म्हणतो ना, "फीचर तसं झालंय"? या 'तसं'मध्ये किती दिवसांचं काम लपलंय ते ज्याचं त्याला माहीत.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, रॉबिन लॅकॉफचा सभ्यतेच्या तर्कशास्त्रावरचा पेपर आला. तिने नियम मांडले तीन: लादू नका, समोरच्याला पर्याय द्या, आणि त्याला बरं वाटेल असं बोला. व्याकरणाची पुस्तकं वाक्य शुद्ध की अशुद्ध एवढंच बघत होती. ती म्हणाली, कुणी कुणाला म्हटलं तेही बघा. 'पाणी दे', 'पाणी देतेस का जरा', 'पाणी मिळेल का' या तिन्हींत तहान सारखीच आहे. मराठीत तर तू-तुम्ही-आपण हा तिढा आहेच. त्यात ऑफिसमधलं 'आपण' निराळं: "आपण हे आज संपवूया" असं साहेब म्हणतात तेव्हा संपवायचं कुणी, हे विचारावं लागत नाही. लादू नका हा नियम पाळून लादण्याची ही खास मराठी सोय! सभ्यतेच्या भाषिक अभ्यासात पुढे पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांचं काम जास्त गाजलं, पण वाटेवरचं पहिलं पाऊल शोधत गेलं की शिकागोच्या नवव्या खंडापाशी येऊन थांबावं लागतं.

१९७१ च्या सातव्या मेळाव्यातला तालमी गिव्होनचा पेपरही असाच. त्याचं म्हणणं होतं की आजचे प्रत्यय म्हणजे कालचे सुटे शब्द, तेव्हा प्रत्ययांचा क्रम बघा आणि जुन्या वाक्यरचनेचं उत्खनन करा. 'करतो आहे'चं 'करतोय' होताना आपण रोज ऐकतो. हे उत्खनन नेहमीच जमतं असं नाही, हे नंतर पुष्कळांनी दाखवलं. पण प्रश्न विचारून झाला होता.

मजेचा भागही होता. १९७२ मध्ये मुख्य मेळाव्याला जोडून त्यांनी चक्क 'रिलेटिव्ह क्लॉज फेस्टिव्हल' भरवला. 'जो काल आला होता तो मुलगा' यातल्या जो-तो छापाच्या उपवाक्यांचा उत्सव! त्या खंडाचं नाव 'द शिकागो विच हंट', म्हणजे 'विच' या संबंधी सर्वनामाची शिकार आणि चेटकिणींचीही. पुढच्या वर्षी तुलनात्मक वाक्यविचाराचा फेस्टिव्हल. गंभीर लोकांना हा आचरटपणा आवडत नसे. मला वाटतं, अर्धवट कल्पना चारचौघांत मांडायला जे धैर्य लागतं, त्यातलं निम्मं अशा आचरटपणातून येतं.

जनरेटिव्ह सिमँटिक्स हा पंथ सत्तरीचं दशक संपेपर्यंत विरून गेला. चॉम्स्कीची बाजू टिकली (आणि मग तिनेच पुढे डीप स्ट्रक्चर सोडून दिलं, तो किस्सा वेगळा). पण त्या खंडांमधली निरीक्षणं मेली नाहीत. स्लूसिंग दोन्ही बाजूंनी वापरलं, हेजेस समाजशास्त्रापर्यंत गेले, सभ्यतेचा अभ्यास ही स्वतंत्र शाखा झाली. सिद्धान्त बुडाला तरी त्याच्या होडीतला माल किनाऱ्याला लागला, कारण तो वेळेवर छापलेला होता.

कल्पनेची लागण बाकीच्यांनाही झाली. १९७० मध्ये एमआयटीत नेल्स सुरू झाली, म्हणजे ईशान्य अमेरिकेची कॉन्फरन्स. १९७५ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची सोसायटी काढून पहिला मेळावा भरवला. त्यात चार्ल्स फिलमोरने शब्दार्थाच्या 'चेकलिस्ट' पद्धतीला पर्याय मांडला. 'विकणे' समजायला दुकान, गिऱ्हाईक, माल, पैसे हा सगळा देखावा डोक्यात असावा लागतो, अशा धर्तीचा त्याचा विचार. त्यातूनच पुढे १९९७ मध्ये फ्रेमनेट हा कोश-प्रकल्प उभा राहिला, आणि भाषेवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांनी तो भरपूर वापरला. युरोपात १९९२ पासून कन्सोल भरते. तिथे नियमच असा की पीएच.डी. हातात पडलेल्याने अर्ज करायचा नाही. शिकागोत जी फट राहिली होती, ती यांनी बुजवली.

आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरल्या. भारतातल्या आधुनिक भाषाशास्त्राच्या एका आख्ख्या पिढीची मुळं त्यांत आहेत. पण ती शाळा होती: वर शिकवणारे, खाली शिकणारे. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरवायची देशव्यापी परिषद, स्कॉनली, या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली आणि विद्यापीठा-विद्यापीठांत फिरत राहिली.

अशा ठिकाणी जाणाऱ्याला आता एक-दोन पानांचा गोषवारा पाठवावा लागतो, बहुतेक ठिकाणी नाव काढून. परीक्षक वाचतात, गुण देतात, बरेच गोषवारे परत येतात. निवडलेल्यांना वीस मिनिटं. हातात वाटायला कागद, त्यावर क्रमांक घातलेली वाक्यं, चुकीच्या वाक्यापुढे फुली. हॉटेल परवडत नसेल तर गावातल्या विद्यार्थ्यांच्या खोलीवर सतरंजी अंथरायची सोय, ही विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतली जुनी पद्धत. नाव काढून निवड होते हे पूर्वीपेक्षा न्याय्य आहे, यात वाद नाही. ओळखीपाळखीचा पोस्टाचा काळ कुणालाच परत नकोय. पण दोन पानांत नेटकं बसेल, तीन अनोळखी परीक्षकांना एकाच वेळी पटेल, असंच काम पाठवायचं म्हटलं, तर पिंट्याच्या कुंभकर्णपणावरची ४६ पानं कुठून येणार? आणि तिशीतल्या मुलीला हे माहीत असतं की ही ओळ बायोडेटात नसेल तर पुढची फेरी नाही. तेव्हा ती पूर्ण शिजलेलंच पाठवते.

१९६९ चा खंड चाळताना आजही जाणवतं, की त्या पानांवर रॉसने सगळं सिद्ध केलेलं नाही. न उच्चारलेला भाग गाळला की वाक्यरचनेचे काही कडक नियम एकाएकी सैल का पडतात, हे कोडं त्याने तिथे मांडलंय. त्याच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. त्याने ते तसंच छापायला दिलं, चौघांनी तसंच छापलं, आणि त्या कोड्यावर अजून पेपर येतायत.